चांगुणेचं बोट आणि तळ्यातली परी

गोष्ट बोटाची आहे, म्हणून नाकातली बोटं आधी बाहेर काढा. काढली? पुसू नका माझ्या लुगड्याला! हं, आता ऐका.

एका तळ्याकाठच्या खोपटात दुर्पता राहायची, नऊ वर्षांची, आणि तिची धाकटी बहीण चांगुणा, चार वर्षांची. आईबाप तापात गेलेले. काकू सांभाळायची. पोरींनी दिवसभर काकूची बदकं राखायची आणि सांजेला पेज प्यायची. पेज एवढी पातळ, की तिच्यात आपलंच तोंड दिसायचं, तेही उपाशी.

एके दिवशी भुकेनं दुर्पताची मती फिरली. गुलाबी कमळांआड पांढरीशुभ्र बदकीण अंड्यांवर बसली होती.

"चांगे, तुझा हात चिमुकला. हळूच एक अंडं काढ गं."

चांगुणेनं हात घातला. बदकिणीनं मान लांब केली, फिस्स केलं, आणि बोट धरून असं पिळलं की कातडी सोलून निघाली.

दुर्पता घरी म्हणाली, "उगीचच चावली."

काकूनं तंबाखू चावून बोटावर थापली, वर मळकं फडकं आवळलं. "बदकाला कुठं दात असतात? होईल बरं."

तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं जांभळं. अंग तव्यासारखं. चांगुणा रडायचीसुद्धा थांबली.

"त्या बदकिणीची मान उद्या कापतेच," काकू म्हणाली.

दुर्पता तळ्याकाठी जाऊन हुंदके द्यायला लागली. तेवढ्यात एक कळी फुलली, आणि आतून निघाली इवलीशी परी! निळेसोनेरी पंख, पायांत दवाची पैंजणं.

"काय गं, माझ्या गोड तळ्यात खारं पाणी ओततेस?"

"परीताई, माझी बहीण मरतेय गं."

"तुझं एक मागणं पुरवते. पण दोन अटी. पोटात खोटं असलं की माझे पंख जळतात, तेव्हा आधी खरं सांगून ये. आणि माझी जादू घाणीवर बसत नाही. उकळून गार केलेलं पाणी, साबण, आणि धार धरून बोट धुवायचं. ती ओरडली तरी थांबायचं नाही."

दुर्पता धावत घरी गेली. "काकू, बदकीण नको मारू. अंडं काढायला मीच चांगीला पाठवलं."

काकूनं हात उगारला. मग निपचित पडलेल्या पोरीकडे बघितलं, आणि हात खाली घेऊन चूल पेटवली.

पाणी गार झाल्यावर धार धरली. तंबाखू सुटली. असा वास सुटला की काकूनं तोंड फिरवलं. आणि चांगुणा किंचाळली! तिचा आवाज पुन्हा ऐकून दुर्पता रडता रडता हसली. स्वच्छ फडकं सैल गुंडाळून दोघींनी तिला तळ्यावर आणलं.

"सोन्याचं बोट देऊ?" परीनं विचारलं. "कधी दुखणार नाही."

"त्याला गुदगुल्या होतील?" दुर्पतानं विचारलं.

"नाही."

"मग नको. तळ्यापलीकडच्या दवाखान्यात पोचव."

परीनं टिचकी मारली. कमळाचं पान होडीएवढं झालं आणि काकूला नि पोरींना घेऊन सळसळत निघालं. वाटेत परी म्हणाली, "अंड्यांवरच्या बदकिणीपासून दहा पावलं लांब राहावं. मान लांब करून फिस्स केलं म्हणजे ती 'जा' म्हणतेय. आणि दाणे हातानं भरवू नयेत, लांबून जमिनीवर टाकावेत."

डॉक्टरीणबाईंनी काकूला चांगलंच झापलं. "तंबाखू खायला वाईट, आणि जखमेवर लावता? लागल्या लागल्या धुऊन त्याच दिवशी आणायचं ना!" धनुर्वाताची सुई दिली, औषध दिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बोटाचं टोक जाईल. पोर वाचेल का, सकाळी कळेल."

खिडकीतली परी उडून आत आली. मग म्हणाली, "दुर्पते, मागणं संपलं. हे मी माझ्या मनानं देते." ती त्या धुतलेल्या बोटावर टेकली, आणि सगळी खोली मोगऱ्यासारखी पांढरी उजळली. उजेड विरला. परी नव्हती.

सकाळी ताप उतरला. बोटाचं टोक गेलं, पण पोर वाचली. चांगुणा उठून बसली, पट्टीकडे बघून बोटं मोजायला लागली. "एक, दोन, चार, दहा."

"दहा," काकू म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. "बरोबर आहेत, बाय माझी."