हुरमतबीचा कौल

"उजवं फूल पडलं तर ऑपरेशन, डावं पडलं तर हकिमाचं औषध. लावू का कौल, माँ?"

मुनव्वरनं फुलं भिजवून आणलीच होती. मजारीच्या दगडाला दोन फुलं चिकटवायची आणि आधी कुठलं गळतं ते बघायचं, ही त्या दर्ग्यातली जुनी रीत.

मुनव्वर उर्दू शाळेचा हेडमास्तर. दाढी विंचरलेली, शब्द तोललेले. लहानपणापासून दर्गा सांभाळणाऱ्या जैनबमाँच्या पायाशी बसून शिकला, आणि तिचा सगळ्यांत हुशार मुरीद, पट्टशिष्य आपणच, हेही त्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं.

जैनबमाँ मजारीवरच्या चादरीचे लोंबते दोरे कात्रीनं छाटत होती. मान वर न करता म्हणाली,

"कुणाचं ऑपरेशन?"

"अम्मीचं. छातीत गाठ आहे, वाईट आहे." त्याचा आवाज खाली गेला. "छाती काढावी लागेल म्हणतात."

"ती काय म्हणते?"

"तिला कुठं सांगितलंय! खचून जाईल. साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल, असंच म्हटलंय सगळ्यांनी."

दाराबाहेर चिंचेखाली त्याची अम्मी, हुरमतबी, बुरखा आवरून बसली होती. मुनव्वरच्या मते, तिला काही ऐकू जात नव्हतं.

"आणि डॉक्टर?"

"तोही माझ्याशीच बोलतो. अम्मीकडे बघतसुद्धा नाही. आणि माँ, आपल्या लोकांत बायकांना असलं कोण विचारतं? मी, कुतुबचाचा, जमातीतले दोघं... सगळ्यांनी मिळून कौलावर सोडायचं ठरवलं."

शेजारी बसलेल्या कुतुबचाचानं मान डोलावली. माणूस भला, पण बसेल तिथं मान डोलावणारा.

जैनबमाँ ताडकन उठली. ऐंशीच्या घरातली बाई, पण गुडघ्यावर हात ठेवला नाही.

"कुतुब, याची दाढी उतरवू का रे?"

"तुमची मर्जी, माँ."

कच्च!

दाढीची एक बट चादरीवर पडली.

"माँ!" मुनव्वर किंचाळलाच. "माझी दाढी! मला विचारलंत तरी का?"

"तुझ्या चाचाला विचारलं की. घरचाच आहे. तू खचला असतास, म्हणून तुला सांगितलं नाही."

मुनव्वर हनुवटी चाचपू लागला.

"बोंबलतोस काय? परत उगवेल ती. तुझ्या आईचं उगवणार आहे का?"

मुनव्वरचा हात हनुवटीवरच राहिला.

तेवढ्यात चिंचेखालून हसू ऐकू आलं. चांगलं खणखणीत. आणि पाठोपाठ हुरमतबी आत आली.

"नाव घे रे त्या रोगाचं."

"अम्मी, तू आधी बस..."

"घे म्हणते ना!"

"कॅन्सर."

"ठाऊक आहे. सून एकाएकी 'बसा अम्मी, मी करते' म्हणायला लागली, तेव्हाच कळलं मला, मामला अवघड आहे. आता सांग. छाती काढली तर रोग जाईल? न काढता दुसरा इलाज आहे? नंतर हात वर जाईल माझा? लाटणं धरता येईल?"

यातलं एकही मुनव्वरनं डॉक्टरला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच सुचलं नव्हतं.

"हेडमास्तर म्हणे!" हुरमतबी म्हणाली. "उद्या मी जाते. नकाब वर करून बसते त्या डॉक्टरपुढं. त्याला वाटत असेल, बुरख्याखाली कान नसतात. तुला यायचं तर ये. मी विचारीन, तू ऐकायचं. मग काय करायचं ते मी सांगेन. तुलाही, जमातीलाही."

तिनं त्याच्या हातातली दोन्ही फुलं काढून घेतली, नुसती मजारीवर वाहिली, माथा टेकला आणि बाहेर पडली.

कुतुबचाचानं मान डोलावली. या वेळीही कुणी काही विचारलं नव्हतं.

मुनव्वर जैनबमाँकडे वळला.

"माँ... आणि सगळं ऐकून घेऊनही ती नको म्हणाली तर?"

जैनबमाँनं कात्री खाली ठेवली. दाराकडे बोट केलं.

"न विचारता उचलून नेतात ते मयताला, मुनव्वर. ती बघ, चालत निघाली."