मातीला चिकटलेला

"थांबायचं कशासाठी, वस्ताद? गाठ हाय तर कापून टाका की!"

शिवगोंडा तालमीत येरझाऱ्या घालत होता. पंचेचाळिशीचा गडी, खांद्याला भरलेली पिशवी. एके काळी समोरच्याला उभ्या उभ्या फेकायचा, आणि ती घमेंड काही गेली नव्हती. आता संडासाच्या जागेला कॅन्सरची गाठ निघाली होती. तिला कुठं फेकणार?

मौला वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून माती चाळत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाठ बाजूला चिकटलीय म्हणं. आत्ता कापली तर थोडी आत ऱ्हाईल, पुन्हा वाढंल. आधी ती आकसायला महिनाभर रेडिएशन, मग परत थांबायचं... आन् मग ऑपरेशन! तवर ती आत बसून मला खाणार, आन् मी बघत बसू?"

"मग?"

"दुसरा एकजण उद्याच कापायला तयार हाय. आत्ताच्या एसटीनं निघालोय. पाया पडायला आलो."

वस्तादांनी पाय पुढं केले नाहीत.

"बोला की, वस्ताद... भ्या वाटतंय मला."

हे त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

वस्तादांनी पटका उतरवून ठेवला. हौद्यात उतरले आणि सरळ पालथे पडले. पोट मातीला, बोटं मातीत रुतवलेली.

"चल. चीत कर मला."

"अवो, वय काय तुमचं..."

"घाई तुला हाय का मला? चल!"

शिवगोंडानं पिशवी टाकली. कमरेला हात घालून ओढलं. म्हातारा हलेना. पुन्हा जोर लावला. वस्ताद कण्हले, तसा त्यानं हात काढून घेतला.

"बरगडी मोडंल तुमची!"

"मोडू दे. उचल."

...

शिवगोंडा चिडला, घामाघूम झाला. शेवटी गुडघे टेकून बाजूला बसला, आणि सवयीनं त्याचा पंजा वस्तादांच्या मानेवर गेला. मान, खांदा, दंड... तो सावकाश रगडू लागला. मातीला चिकटलेला पैलवान असाच सैल करायचा, हे याच हौद्यात याच माणसानं त्याला शिकवलं होतं.

मातीत रुतलेलं एक बोट सुटलं. मग दुसरं.

मातीनं भरलेल्या तोंडानं वस्ताद खालून ओरडले,

"रगडत काय बसलायस, लेका? तुझी एसटी चुकंल की!"