थोरलीची गुरगुर

वाघाच्या अंगावर अजून पट्टे ओढायचे राहिले होते, तेव्हाची गोष्ट. रानकुत्र्यांच्या एका कळपात पिल्लं व्हायची ती फक्त थोरलीला. बाकीच्या बहिणींनी शिकारीचं मांस पोटात भरून आणायचं आणि तिच्या पिल्लांपुढे ओकायचं. थोरली नुसती गुरगुरली की धाकट्यांचं अंग गार पडायचं आणि पोटाला पिल्लांची आठवणच राहायची नाही.

झिपरीला मात्र स्वतःचं पिल्लू हवं होतं. "अक्के, मलाच का गं होत नाही?"

"तुझं अंगच थंड, त्याला मी काय करू? जा, ओक जाऊन!"

झिपरी चिडली आणि धाकट्या बुटकीला घेऊन ओढ्यापल्याड राहायला गेली. तिथं गुरगुर पोचेना, तसं तिच्या पोटाला सगळं आठवलं. एक उनाड नर भेटला आणि बघता बघता गुहाभर पिल्लं! झिपरी शेपटीमागे गोल गोल नाचली. बुटकीनं हौसेनं ओकून ओकून सगळी पोसली.

पिल्लं मोठी झाल्यावर बुटकी लाजत म्हणाली, "झिपराक्का, आता मलाही एखादं..."

"गुर्रर्र!" झिपरी म्हणाली आणि स्वतःच दचकली. आवाज हुबेहूब थोरलीचा होता.

बुटकीनं कान झटकले. "बरं, जवळपास आणखी एखादा ओढा आहे का गं?"