बुडणाऱ्या जहाजांची गोदी

एका राज्यात समुद्रकाठी राजाची गोदी होती, पण तिच्यातले जहाज तरंगत नसे. पाण्यात उतरले की तळ गाठी. गोदीची प्रमुख होती वसुमती. वृद्ध राजाची लेक समुद्रापलीकडे नांदत होती. डोळे मिटण्याआधी तिला एकदा पाहावे, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

तिसरे जहाज बुडाले, तशी वसुमती बेटावरच्या मांत्रिकाकडे गेली. तो म्हणाला, गोदीला जलदेवीचा शाप आहे. तीन कामांनी सुटेल. सर्वांत आधी बुडालेले जहाज का बुडाले ते शोधायचे. जे सापडेल, ते ज्याच्यापुढे बोलायला सर्वांत जड जाईल त्यालाच सांगायचे. तिसरे काम पुढे कळेल. सोबतीला त्याने आपला बोलका खंड्या दिला.

खंड्या सूर मारी आणि तळाशी गेलेल्या त्या जहाजाची एकेक फळी वर आणी. वसुमती कधी वाऱ्याला दोष देई, कधी खिळ्यांना.

"हे पाहिलेस, की तुला वाटले?" पक्षी विचारी.

सातव्या दिवशी वर आलेली फळी वाकलेली आणि चिरलेली होती. लाकूड ओले असतानाच बसवलेले; वाळताना ते आकसले आणि फटी पडल्या. घाईपायी ते लाकूड वसुमतीनेच पसंत केले होते, आणि जहाज बुडाल्यावर आळ घेतला होता नागोजी सुतारावर. त्याला गोदीतून काढले, त्याच दिवशी देवी कोपली होती.

ती राजवाड्याकडे निघाली. वाटेत तिला उमगले की राजा तर क्षमा करील; बोलायला सर्वांत जड जाईल ते नागोजीपुढे. ती वळली आणि नागोजीच्या झोपडीत जाऊन सारे बोलली.

"आता ऐक," खंड्या म्हणाला. "हेच तिसरे काम."

नागोजी म्हणाला, "लाकूड ओले आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, बाई. तुम्हाला सांगायची छाती कोणाची नव्हती."

तिने मान खाली घातली. त्याला मध्ये न तोडता सारे ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने साऱ्या गोदीसमोर आपली चूक सांगितली, नागोजीचा हात धरून त्याला आत आणले आणि विचारले, बांधून होत आलेल्या नव्या जहाजात काय खुपते? फटींत काथ्या भरणारी तुळजा हळूच म्हणाली, डोलकाठी फार जड आहे. वसुमतीने तिच्यासमोरच ती उतरवून हलकी बसवली.

जहाज पाण्यात उतरले आणि हलके डोलू लागले. शाप गेला. राजाला घेऊन जहाज निघाले, आणि चौथ्या सकाळी पलीकडचा किनारा दिसला. राजकन्या गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि तिचा म्हातारा बाप, कोणाच्याही आधाराशिवाय, शिडी उतरत होता.