गेरूचा पट्टा

एका गावात चुन्याच्या चार भट्ट्या होत्या आणि कोतवाल मात्र एकच, तोही गुडघेदुखीने बेजार झालेला.

कळीचा चुना म्हणजे मोठा खोडसाळ माल. पाणी लागलं की खदखदतो, उडतो, अंग भाजून काढतो. म्हणून पंचांनी आणि भट्टीवाल्यांनी मिळून ठरवलं होतं: चुना कुठे ठेवला ते भट्टीवाल्याने सांगायचं, कोतवालाने जाऊन पाहायचं आणि त्या दारावर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या दारी आग लागली तर पाणी नाही, माती टाकायची.

बारा वर्षं कोतवाल दर बाजाराच्या आदल्या दिवशी चारही भट्ट्या फिरला. "आला बाबा पुन्हा," म्हणून भट्टीवाले हसायचे. पंचसुद्धा हसायचे, कारण आग कधी लागलीच नव्हती. ज्याचं काम चोख, त्याची किंमत शून्य, हा जगाचा न्यायच आहे. कोतवाल या सगळ्याला मनापासून कंटाळला होता.

एकदा दुपारीच आभाळ भरून आलं. थोरला भट्टीवाला घाईघाईने चुन्याच्या गोण्या गाडीत भरून कुंभाराच्या घराकडे निघाला. त्या घराशेजारी भट्टीवाल्याचा स्वतःचा, गवताने शाकारलेला एक रिकामा गोठा होता. वाटेत कोतवाल भेटला.

"माल कुठं निघाला?"

"उद्या सांगतो की! आता पाऊस येतोय."

खरं तर कोतवालाने गाडीमागे जायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं. "बरं, उद्या," तो म्हणाला, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं.

पाऊस आला. गोठ्याचं छप्पर गळलं, चुना तापला, गोण्या पेटल्या आणि छपराने आग धरली. शेजारचा कुंभार घागर घेऊन धावला. दारावर पट्टा नव्हता. त्याने बेधडक आत पाणी फेकलं आणि उकळता चुना त्याच्या तोंडावर उडाला.

"पाणी नको! माती टाका!" भट्टीवाला ओरडत आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चार दिवसांनी पंच बसले.

"अर्धी चूक माझी, मी सांगितलं नाही," भट्टीवाला म्हणाला.

"अर्धी माझी, मी गेलो नाही," कोतवाल म्हणाला.

कुंभाराने डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "तुमची चूक अर्धी-अर्धी. माझा डोळा मात्र अख्खा गेला."



तात्पर्य एवढंच: धोका सांभाळायचं काम दोघांचं असलं, तरी 'उद्या' म्हणायची मुभा एकालाही नसते.