कुणाचा तळ विचारू नये

त्या मुलखात नदी नव्हती. होत्या त्या विहिरी, आड, बारवा, आणि त्या सगळ्यांचं पाणी सांभाळणारा एक थोरला तलाव.

विहिरींना जागचं हलता येत नाही, त्यामुळे तिथे कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. जमिनीखालच्या झऱ्यांच्या वाटांनी त्यांचे आवाज इकडून तिकडे जात, आणि आवाजावरूनच कोण केवढा खोल असेल याचा अंदाज बांधला जाई. पावसाळ्यात ज्याला गरजेहून जास्त पाणी येई तो ते त्याच वाटांनी तलावाकडे ठेवायला पाठवी. चैत्र लागला की तलाव ज्याचं त्याला परत करी. तलाव कधी चुकला नव्हता. पाखरं येऊन सांगत की त्याच्यावर काठापासून काठापर्यंत कमळं आहेत, पाण्याचा टिपूसही दिसत नाही इतकी. ते ऐकून सगळ्यांना बरं वाटे.

कायदा सात ओळींचा होता. राजवाड्याच्या हौदापाशी एका शिळेवर तो कोरलेला होता. चौथी ओळ अशी होती: कुणीही कुणाचा तळ विचारू नये. आणि सातवी: जो कोरडा ठरेल तो बुजवावा.

चौथी ओळ जुन्या आडाने सुचवली होती. तेव्हा तो नवा होता. उथळ विहिरींची सभेत फार थट्टा होई, आणि त्याला ते सहन होत नसे. मुलखातला सगळ्यात विद्वान म्हणून पुढे त्याचं नाव झालं. पण आड अरुंद आणि खोल असल्यामुळे तो जे काही बोले ते घुमून त्याच्याकडेच परत येई, आणि परत येताना ते त्याला दुसऱ्याच कुणीतरी शंका काढल्यासारखं ऐकू येई. म्हणून तो हळूहळू कमी बोलू लागला होता.

त्या वर्षी चैत्राच्या पहिल्या दिवशी तलावाकडून गढूळ पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मं आलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकदम मागितलं, तेव्हा वाटांमधून आधी चिखल आला आणि मग नुसती हवा. पाखरांनी येऊन सांगितलं की कमळं चिखलावर आडवी पडली आहेत. मागाहून कळलं की तलावाने पाणी कारंज्यांना उसनं दिलं होतं. कारंज्यांनी त्याला पटवून दिलं होतं की वर उडवलेलं पाणी ढग होऊन दुपटीने खाली येतं.

जुन्या आडाने आपलं होतं नव्हतं ते सगळं तलावाकडे ठेवलं होतं. पंधरा दिवसांत त्याच्या तळाशी नुसती ओल उरली, आणि मग तीही गेली. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? कोरड्यांना बुजवायचा दगडमातीचा ढीग त्याच्या काठापासून फार लांब नव्हता. शिवाय इतरांचे आवाज नेहमीसारखेच भरदार येत होते. आपण एकटेच असे मूर्ख निघालो, असं त्याला वाटे. आणि लगेच शंका येई, की मूर्खपणा पाणी ठेवण्यात होता की ती ओळ लिहिण्यात?

वैशाखात सभा भरली. हौद अध्यक्ष होता. त्याला थेट राजवाड्यातून नळाने पाणी येई, त्यामुळे तो शांत स्वभावाचा म्हणून प्रसिद्ध होता.

मळ्यातल्या विहिरीने ठराव मांडला. ती वयाने लहान आणि बोलायला सडेतोड होती. "चौथ्या ओळीत एवढंच घाला," ती म्हणाली. "जो दुसऱ्याचं पाणी ठेवून घेतो, त्याने वर्षातून एकदा आपला तळ दाखवावा. बस्स."

"बस्स म्हणे," बारवबाई म्हणाल्या. त्या पायऱ्यांच्या, कमानींच्या, जुन्या घराण्यातल्या. "आज तलावाचा तळ, उद्या माझा. परवा कुणीही येऊन माझ्या पायऱ्या उतरेल आणि वाकून बघेल. आपल्यात ही रीत नाही, बाळ."

"तुमच्या पायऱ्या उतरायला कुणाला वेळ आहे? इथे आम्ही पाण्यावाचून..." विहीर मध्येच थांबली. "म्हणजे, काही जण असतील पाण्यावाचून. माझं ठीक आहे."

"माझंही," बारवबाई घाईने म्हणाल्या.

"माझंही ठीकच आहे," चार-पाच आवाज आले.

त्यानंतर बरंच बोलणं झालं. तलावाचा दोष नाही, सगळ्यांनी एकदम ओढलं म्हणून तो आटला, असं एक जण म्हणाला. दोष कमळांचा आहे, त्यांच्यावर बंदी घाला, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्याने सुचवलं की चौथ्या ओळीला हात न लावता आठवी ओळ कोरावी, आणि तीत सर्वांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा असं लिहावं. या सूचनेचं फार कौतुक झालं.

शेवटी हौदाने विचारलं, "आडोबा, ही ओळ तुमची. तुम्ही काय म्हणता?"

आडाने बोलायची तयारी आठ दिवस केली होती. "मी ती ओळ उथळांना झाकण्यासाठी लिहिली होती," तो म्हणाला. "तिच्याखाली तलाव लपेल असं मला..."

असं मला, असं मला, असं मला. शब्द घुमून परत आले आणि त्याचा धीर सुटला. आपण खरं बोलतो आहोत की गेलेल्या पाण्याचा राग काढतो आहोत? ज्याच्यापाशी काही उरलं नाही त्याने कायदा बदला म्हणणं, याला न्याय म्हणायचं की सूड?

"असं तुम्हाला काय, आडोबा?" बारवबाईंनी विचारलं. "की तुम्हीही विसरलात? वय झालं हो."

थोडं हसू झालं. हौदाने मतदान पुकारलं.

तिथे मत द्यायची पद्धत अशी: प्रत्येकाच्या काठावर एक खडा ठेवलेला असे. ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी तो आधी आत सोडायचा, विरोधात असणाऱ्यांनी नंतर. खडा पाण्यात पडला की आवाज हौदापर्यंत जाई, आणि हौदातला बेडूक ते आवाज मोजून वहीत लिही. आजवर यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

जुन्या आडाला ते आता दिसलं. खडा सोडला तर तो दगडावर आपटणार, आणि सगळा मुलूख ऐकणार. सातवी ओळ त्याला पाठ होती. खडा नाही सोडला तर कुणी विचारणार नाही, कारण विचारायचं नाही हे त्यानेच लिहून ठेवलं होतं. खोल, विद्वान आड म्हणून उरलेले दिवस निघून जातील.

"ठरावाच्या बाजूने," हौद म्हणाला.

कुणीच काही सोडलं नाही. मळ्यातल्या विहिरीनेसुद्धा नाही. ज्या ठरावासाठी ती एवढी भांडली, त्याला तिचंही मत पडेना, याचं आडाला नवल वाटलं. मग त्याला वाटलं, आता हाही विचार करत बसलो तर वेळ निघून जाईल. त्याने खडा सोडला.

खडा फार वेळ पडत राहिला. मग ठक्क झालं.

कुणी हसलं नाही. बारवबाईदेखील नाहीत. आड ढिगाकडून येणाऱ्या पहिल्या दगडाची वाट पाहू लागला.

तेवढ्यात मळ्याच्या बाजूने आवाज आला. ठक्क. मग टेकडीपलीकडून एक. मग ज्यांची नावंही आडाला ठाऊक नव्हती अशा लांबच्या जागांवरून, एकामागून एक, कोरडे, लहान आवाज येत राहिले.

"किती?" हौदाने विचारलं.

बेडूक गोंधळला होता. "पाण्याचा आवाज एकही नाही, महाराज."

"मग शून्य लिही. विरोधात?"

एकच खडा पडला. तो हौदाचा होता, आणि तो डुबुक करून पडला.

"विरोधात एक. ठराव फेटाळला," हौद म्हणाला, आणि सभा संपली.

बेडकाने वही मिटली, तरी जुना आड ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने बारवेच्या बाजूला काहीतरी सुटलं आणि पायऱ्यांवरून खाली जाऊ लागलं. ठक्क, ठक्क, ठक्क. आड मोजू लागला. वीस झाल्या, चाळीस झाल्या, आवाज लहान होत गेला. सत्तावन्नाव्या पायरीनंतर खडा कशावर तरी आपटला, जरासा घरंगळला आणि थांबला.