फांदी ठीक आहे

एका जंगलात, ओढ्याच्या काठी, एक जुनी अवाढव्य चिंच होती आणि तिच्या ओढ्याकडच्या फांदीतल्या चिमुकल्या ढोलीत एक खार राहत असे. चिंचेवर बिऱ्हाडे पुष्कळ. पोपट, साळुंक्या, होले, वटवाघळे आणि शेंड्याला वानरांचे टोळके. एवढ्या बिऱ्हाडांची सोय बघायला सगळ्यांनी मिळून एक निवारा मंडळ काढले होते. कोणाची ढोली गळते, कोणाची फांदी वाळली, नव्याने आलेल्याला जागा कुठे द्यायची, हे मंडळाने बघायचे. एक म्हातारा वानर अध्यक्ष होता, एक पोपट चिटणीस आणि फांद्या तपासायला निरीक्षक म्हणून एक सरडा. ही कामे मंडळाला जमत की नाही ते पुढे कळेलच, पण सत्कार मात्र त्यांना फार सुरेख जमत. कोणी नवा कामावर आला की हार, कोणाला बढती मिळाली की हार. बुंध्यातली सगळ्यांत मोठी, कोरडी, उबदार ढोली त्यांनी हार ठेवण्यासाठी राखली होती. तिथे राहायला कोणालाही मनाई होती.

खारीच्या फांदीला बुंध्याजवळ चीर गेली होती. वारा सुटला की फांदी करकर वाजे आणि ढोलीतली पिल्ले, ज्यांचे अजून डोळेही उघडले नव्हते, एकमेकांना बिलगत. खाली ओढ्यातले खडक होते. खारीला घास गोड लागत नसे. ती सरड्याकडे खेटे घाली. सरडा यायचा, फांदीच्या अलीकडेच थांबायचा, मान वरखाली करायचा आणि म्हणायचा, "बघितली. फांदी ठीक आहे."

"अहो सरडेभाऊ, चार पावले पुढे येऊन तर बघा," खार काकुळतीला येऊन म्हणे. "चिरेत माझा अख्खा पंजा जातो."

सरडा पुन्हा मान हलवी. तो सगळ्यांच्याच बोलण्याला मान हलवी, म्हणून तर अध्यक्षांचा त्याच्यावर फार जीव होता. शेवटी खार चिटणीसाकडे गेली. "निदान पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत ती हारांची ढोली तरी द्या हो."

"अहो खारूताई," पोपट म्हणाला, "मग हार कुठे ठेवायचे?"

खरोखर असे म्हणाला, मुलांनो! आणि म्हणून झाल्यावर पेरू खायला उडून गेला.

अशात एका सकाळी मंडळाने परिचय समारंभ ठेवला. बुंध्याच्या बेचक्यात, हारांच्या ढोलीसमोर, सारी चिंच गोळा झाली. खारही आली, कारण आज तरी कोणी तिचे ऐकेल असे त्या वेडीला वाटत होते. पोपटाने गळा साफ केला.

"कळवण्यास आनंद होतो की आपले कर्तव्यदक्ष सरडेसाहेब आजपासून मुख्य निरीक्षक झाले आहेत. त्यांच्या कारकिर्दीत या झाडावर एकही फांदी नादुरुस्त आढळलेली नाही!" टाळ्या पडल्या. कालचा सरडेभाऊ एका रात्रीत साहेब झाला होता. "आणि त्यांच्या जागी निरीक्षक म्हणून आपण कोकिळाबाईंचे स्वागत करू या. घरट्यांचा त्यांना दांडगा अनुभव आहे."

आता कोकिळेने जन्मात एक काडी उचलून कुठे ठेवलेली नाही. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. पण पोपट तसे खोटे बोलला नव्हता. दुसऱ्यांची घरटी तिने खरेच पुष्कळ पाहिली होती.

टाळ्या ओसरताच खार पुढे झाली. "माझ्या फांदीचे काय झाले?"

"ते खाते आता माझ्याकडे नाही," सरडा म्हणाला. "कोकिळाबाईंना भेटा."

"मी तर आजच आले, बाई," कोकिळा गोड आवाजात म्हणाली. "मला आधीचे काही ठाऊक नाही. तुम्ही नव्याने तक्रार करा."

खारीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सरड्याच्या आधी या जागेवर एक तांबट पक्षी होता. तिने त्याच्या मागे लागून लागून त्याला फांदीपर्यंत आणले, तोच त्याला बढती मिळाली आणि तिची तक्रार त्याच्याबरोबरच मेली. मग सरड्याचे तेच, आणि आता कोकिळेचेही तेच होणार. हे लोक वर चढत जाणार, आणि आपली पिल्ले त्या खडकांवर पडणार! तिला ओरडावेसे वाटले, चावावेसे वाटले. पण तिने शेपूट सावरली आणि हात जोडले.

"अध्यक्षमहाराज, साहेबांना पहिला हार मला घालू द्या. आणि तो माझ्या फांदीवर. ओढ्याचा गार वारा आहे, सावली आहे, शिवाय साहेबांनी स्वतः तपासून ठीक ठरवलेली फांदी आहे. त्यांच्या कामाचा याहून मोठा मान तो कोणता?"

"वा, वा!" साळुंक्या ओरडल्या. "काय साहेब, चालेल ना?"

आणि सरड्याने सवयीने मान हलवली.

झाले! सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. सरडा ऐटीत निघाला, चिरेपाशी आला आणि थांबला. त्याने एक पाय पुढे टाकला, करकर ऐकली आणि पाय मागे घेतला. "इथे, म्हणजे, आता कोकिळाबाईंनी यायला हवे. फांदी त्यांच्याकडे आहे."

"मी अजून कामाची सूत्रे कुठे घेतली आहेत?" म्हणत कोकिळा दोन फांद्या वर जाऊन बसली.

"अध्यक्षमहाराज, मग तुम्ही या," खार म्हणाली.

"माझे वजन जास्त आहे गं," वानर पुटपुटला, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आले तेव्हा फार उशीर झाला होता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होते!" खार किंचाळली. "तिघांनाही ठाऊक होते! तुमचा एक पाय त्या फांदीवर पडत नाही, आणि माझी आंधळी पिल्ले तिच्यावर झोपलेली चालतात? हार घालून घेताना माना वाकतात तुमच्या, चिरेत डोकावताना का वाकत नाहीत?"

खार चीर ओलांडून गेली, एका पिल्लाला मानगुटीला धरून घेऊन आली आणि सरळ हारांच्या ढोलीत शिरली. मग पुन्हा गेली. सारी चिंच श्वास रोखून बघत होती. शेवटचे पिल्लू आत आल्यावर तिने ढोलीतले हार बाहेर फेकायला सुरुवात केली. ओल्या वेलींचे, रानफुलांचे, आंब्याच्या डहाळ्यांचे ते जाडजूड हार एकामागून एक खाली तिच्याच चिरलेल्या फांदीवर पडू लागले.

"अहो, ती सत्काराची ढोली आहे!" पोपट ओरडला.

"आता ती माझ्या पिल्लांची आहे," आतून खार म्हणाली. "काढून दाखवा मला."

तेवढ्यात कडाड् असा आवाज झाला. हारांच्या ढिगाखाली फांदी चिरेपासून तुटली आणि खडकांवर आपटून तिचे तुकडे तुकडे झाले. रिकाम्या ढोलीचाही भुगा झाला.

मग पोपटाने पंख झटकले आणि गळा साफ केला. "कळवण्यास आनंद होतो की मुख्य निरीक्षक सरडेसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली, कोणतीही जीवितहानी न होता, एक धोकादायक फांदी आज हटवण्यात आली आहे. जोरदार टाळ्या!"

एकही टाळी पडली नाही. साळुंक्या उठल्या, होले उठले, वटवाघळे उठली आणि जो तो आपापली फांदी बघायला निघून गेला. बेचक्यात मंडळ तेवढे उरले, आणि सरडा अजूनही मान हलवत होता.

तात्पर्य : जो म्हणतो "फांदी ठीक आहे", त्याला आधी त्या फांदीवर उभे करावे, हार त्यानंतर घालावा.